उतार

उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला पोचल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी जिना उलटा उतरलो. पाठ दरीकडे, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्यावर. लहान मूल पलंगावरून उतरतं तसा. सोळा पायऱ्या होत्या. खाली अंगणात घरमालकांची आई सुपात राजमा घेऊन निवडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, राजम्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गिर गए क्या?"

पडलो नव्हतो. आदल्या दिवशी नुसता पळालो होतो. त्यातही चढ जवळजवळ चालतच काढला होता. उतारावर मात्र मोकाट सुटलो, कारण उतारावर दम लागत नाही आणि घड्याळात पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) असा काही दिसतो की आपण पंचविशीत आहोत असं वाटायला लागतं. मी 49 वर्षांचा आहे. बारा वर्षं पळतोय. अकरा हाफ आणि तीन फुल मॅरेथॉन झाल्या आहेत. आणि एवढं सगळं होऊनही माझ्या पायांनी उतार नावाची वस्तू कधी पाहिलीच नव्हती, हे मला त्या सोळा पायऱ्यांवर कळलं.

नागपूरच्या माणसाचा यात फारसा दोष नाही. आमचं गाव पोळपाटासारखं. नावाला आमच्याकडेही पहाड आहे, हजारी पहाड. तिथे उभं राहून "पहाड कुठे आहे?" असं विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. जवळच्याच वस्तीचं नाव गिट्टीखदान, म्हणजे आमच्याकडे खडक दिसला की त्याचं पुढे काय होतं तेही नावातच लिहून ठेवलेलं. स्टेशनाजवळ टेकडी गणपती आहे. सीताबर्डीचा किल्ला आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती तिथे. जिच्यासाठी एवढी माणसं मेली ती टेकडी आज बर्डीच्या गर्दीत मान वर करून शोधावी लागते. उरली सेमिनरी हिल्स. तिथला चढ संपतो तेव्हा आमचं अंग जेमतेम गरम झालेलं असतं. म्हणून रविवारच्या ग्रुपमधल्या कुणी साताऱ्याच्या हिल हाफला नाव टाकलं की आम्ही सरळ उड्डाणपूल गाठतो. पहाटे पाचला सदरच्या पुलावर वर-खाली, वर-खाली. वर जाताना घड्याळ सुरू करायचं, खाली येताना बंद करायचं. उतार म्हणजे विश्रांती, तो हिशेबात धरायचा नाही, असा आम्हा सगळ्यांचा पक्का समज.

हिशेब हा माझा धंदाच. मी करसल्लागार आहे. मार्चअखेर उलटली की जुलैच्या रिटर्नांची गर्दी सुरू होईपर्यंत मला थोडी उसंत असते आणि ती नेमकी नागपूरच्या सर्वांत वाईट दिवसांत येते. एप्रिलच्या शेवटी पहाटे साडेचारलाही रस्त्यातून धग निघत असते. मे संपता संपता नवतपा लागतो, पारा 45 च्या पुढे जातो, आणि पळणारा माणूस घरच्यांच्या लेखी वेड्यात जमा होतो. गेल्या वर्षी मुलगा शिकायला बाहेर गेला, काम लॅपटॉपवर होण्यासारखं होतं, तेव्हा बायकोच म्हणाली, "जाऊन ये कुठेतरी थंड ठिकाणी. इथे राहून रोज तापमान सांगत बसतोस." तिची शाळा मेपर्यंत होती. ती मागून येणार होती. दिल्लीहून रात्रीची गाडी, सकाळी काठगोदाम, तिथून जीपने अडीच-तीन तासांचा घाट, आणि 8 एप्रिलला मी कुमाऊंत, 2,285 मीटरवर, एका घराच्या वरच्या मजल्यावर अडीच महिन्यांचा भाडेकरू झालो.

घरमालक पंत. मी महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं की त्यांचे पूर्वजही आपल्याकडचेच, कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेले. कुमाऊंतल्या पंत घराण्यांत ही आख्यायिका जुनी आहे. मी मान डोलावली. भाडं मात्र तेवढंच राहिलं.

पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा वागलो. नुसता चाललो, पाणी प्यायलो. इतक्या उंचीवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू नागपूरच्या मानाने साधारण पाचव्या हिश्शाने कमी असतो. हवेतलं त्याचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाबच उतरलेला असतो. ऐकायला पाचवा हिस्सा किरकोळ वाटतो. पगारातून तेवढा कापला गेला की समजतं. 1968 चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झालं, ते शहर 2,240 मीटरवर, म्हणजे जवळपास मुक्तेश्वरच्याच उंचीवर. विरळ हवेने तिथे बॉब बीमनच्या 8.90 मीटरच्या लांब उडीला हात दिला आणि लांब पळणाऱ्यांचा गळा धरला. 10,000 मीटरचा जागतिक विक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, 27 मिनिटे 39 सेकंद. मेक्सिकोत ही शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने जिंकली, तीही साडेएकोणतीस मिनिटांच्या आसपास. खुद्द क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. त्याला ऑक्सिजन लावावा लागला. हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळे सपाटीवरचा माझा 6:15 चा पेस 7:10 वर गेला तेव्हा मी अजिबात खट्टू झालो नाही. क्लार्कची अवस्था आठवून उलट थोडा सुखावलोच.

दमासाठी मी पूर्ण तयारीने गेलो होतो. मांड्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याची गोम अशी. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि आपल्याला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच आपलं सगळं वजन पेलून धरतो. दोराने बादली वर ओढणं आणि तीच बादली हातातून दोर सरकू देत सावकाश खाली सोडणं, यात दुसऱ्या कामात तळहात सोलवटतात. तसंच हे. त्यात दम लागत नाही, म्हणून माणूस थांबत नाही, आणि स्नायूंच्या आत बारीक बारीक चिरफाळ्या होत राहतात. दुखणं त्याच दिवशी कळतही नाही. दुसऱ्या दिवशी कळतं आणि तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. राजम्याच्या सुपासमोरून मी ज्या दिवशी उलटा उतरलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिना उतरलोच नाही. आमाने नातवाकरवी डाळभात वर पाठवला. (आमा म्हणजे कुमाऊंनीत आजी. दोन दिवसांत मीही तिला आमाच म्हणायला लागलो होतो.) साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून तोच घाट उतरलेले आमच्या ग्रुपमधले लोक आठवडाभर फेंगडे का चालत होते, याचा उलगडा मला पलंगावर पडल्या पडल्या झाला. आम्ही तेव्हा चढाला शिव्या घातल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळजवळ 90 किलोमीटरची शर्यत सहसा एक वर्ष चढाच्या दिशेने आणि पुढल्या वर्षी उताराच्या दिशेने होते, आणि दोन्ही करून आलेले लोक उताराच्या वर्षाला जास्त टरकतात, हेही मी वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं.

मग मी उतार शिकायला लागलो. गुरू मिळाली ती सातवीतली एक मुलगी.

आमच्या घराखालून एक पायवाट चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलातून खालच्या शाळेकडे जायची. रस्त्याने गेलं तर तीन मोठी वळणं, वाटेने गेलं तर सरळ खाली. चिडाच्या वाळलेल्या सुया जमिनीवर पसरून असतात, त्यांना तिथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात त्याच पेट घेतात आणि डोंगर जाळतात. एरवी त्या पाय घसरवण्याचं काम करतात. तेल लावलेल्या पाटावरून चालल्यासारखं वाटतं. मी त्या वाटेवर टाचा रोवत, मागे रेलत, दोन्ही हात पंखांसारखे पसरून उतरत होतो. मागून सात-आठ पोरं आली. पाठीवर दप्तरं, शाळेला उशीर झालेला, तोंडाने सतत बडबड. माझ्या दोन्ही बाजूंनी ती अशी निघून गेली की मी जणू वाटेतला दगड. शेवटची मुलगी दोन पावलं थांबली.

"अंकल, आपका ब्रेक बहुत आवाज़ करता है."

मला आधी कळलंच नाही. मग मी उभा राहून ऐकलं. ती आठ पोरं उतरत होती आणि त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता. बडबड ऐकू येत होती, डब्यातला चमचा वाजत होता, पाय मात्र गुपचूप. मी पुढचं पाऊल टाकलं. थाड. त्याच्या पुढचं. थाड. प्रत्येक थाड म्हणजे माझं 71 किलो वजन टाचेवरून गुडघ्यात आणि गुडघ्यातून मांडीत आदळत होतं. घसरू नये म्हणून मी मागे रेलत होतो आणि मागे रेलल्यामुळेच टाच आधी पडून घसरत होतो.

त्यानंतर महिनाभर मी रोज सकाळी पावणेआठला त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पोरांच्या मागे मागे उतरायचो. त्यांची पावलं लहान होती, पार वीतभर, पण सुपारी कातरावी तशी भराभर पडत. गुडघा कधीच सरळ होत नसे, सतत किंचित मोडलेला. अंग पुढे, दरीकडे झुकलेलं. हे सगळ्यांत अवघड, कारण शहाण्या माणसाचं अंग दरीपासून दूर पळतं. आणि नजर पायाखाली नसायची, चार पावलं पुढे असायची. मी घड्याळ घरी ठेवायला लागलो. आवाज मोजायला लागलो. आज थाड किती झाले? पहिल्या आठवड्यात मोजता येईनात इतके. महिनाभरात वाट संपेपर्यंत दहा-बारा. ती मुलगी खाली पोचली की मागे वळून निकाल सांगायची. "आज ठीक था." एकदा म्हणाली, "आज तो भैंस जैसा." त्या दिवशी मी खरंच रात्रीचा जागलेला होतो, एका अशिलाच्या नोटिशीचं उत्तर लिहीत.

आणि पाय दुखायचे थांबले. याचं श्रेय सगळं माझ्या शिकण्याला देता येत नाही. स्नायूंची एक खोड आहे: उताराचा असा मार एकदा खाल्ला की ते तो पुढे काही आठवडे लक्षात ठेवतात. त्याच उतारावर पुन्हा गेलं की दुखणं निम्म्याहूनही कमी. म्हणजे तो जिना उलटा उतरणं ही एक प्रकारची फी होती, आणि ती एकदाच भरायची होती.

संध्याकाळी कामाचा कंटाळा आला की मी कठड्याशी बसून शब्दांशी खेळायचो. आपली भाषा चढाच्या बाजूची आहे असं मला वाटायला लागलं होतं. चढती कमान, चढता आलेख. उतार म्हटला की उतरती कळा, उतरलेला चेहरा, उतारवय. मग आठवलं की ताप उतरतो तेव्हा घरात चहा होतो. राग उतरला की माणूस जेवायला येतो. विषावर उतारा असतो. आणि माझ्या धंद्यात तर सातबाराचा उतारा हातात आल्याशिवाय शेतजमिनीच्या व्यवहाराचं बोलणंच पुढे सरकत नाही. हे मी बायकोला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "तुला तिथे काम कमी आहे का?"

बाकी दिवस कसे गेले ते भरभर सांगतो. पहिल्या आठवड्यात पंत म्हणाले, अंधारात पळू नका, "बाघ" फिरतोय. मी टायगर कॅपिटल म्हणवणाऱ्या नागपूरचा रहिवासी. आमच्याकडे वाघ बघायला पैसे भरून जिप्सीत बसावं लागतं, इथे तो फुकट म्हटल्यावर मला घाम फुटला. दोन दिवसांनी समजलं की तिथे बिबट्यालाही बाघच म्हणतात. त्याने धीर आला असं नाही, पण पळायची वेळ साडेपाचवरून साडेसहावर गेली. एप्रिलात बुरांशीची लाल फुलं अजून झाडावर होती, मेमध्ये काफळ पिकले. गडद लाल, शेंगदाण्याएवढे, आंबटगोड, खायला थोडं आणि थुंकायला जास्त. त्याच दिवसांत एक कोकिळाकुळातला पक्षी दिवसभर चार सुरांत ओरडतो. कुमाऊंच्या लोकांना त्यात "काफल पाको" ऐकू येतं, काफळ पिकले. आपल्याकडे पावशा "पेरते व्हा" म्हणतो. पक्षी वेगळे, पण दोन्हीकडच्या माणसांनी त्यांना कामाचीच सूचना द्यायला लावली आहे. हिमालय बराच काळ दिसलाच नाही. जंगलाच्या वणव्यांचा धूर होता. मग एका रात्री गारांचा पाऊस झाला आणि पहाटे त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली अशा समोर उभ्या राहिल्या की मी पळायचं सोडून चपलांवर तासभर थांबलो.

आणि एक पुण्याची गोष्ट. मुक्तेश्वरच्या माथ्यावर जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी जुनी संस्था आहे. तिची सुरुवात 1889 मध्ये पुण्यात झाली, आणि 1893 मध्ये ती सगळी इथे, वस्तीपासून दूर थंड डोंगरावर हलवली. बुळकांडीने तेव्हा गुरंच्या गुरं मरत होती. 1897 मध्ये क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख स्वतः तिथे येऊन गेले. माझी सकाळची वाट त्या आवाराभोवतीच्या देवदार आणि बांजाच्या जंगलातून जायची. काचेच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शकं, गुरं, हे सगळं घाट चढवून वर कसं आणलं असेल असं मनात यायचं. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माझ्या आजोबांच्या गोष्टींमध्ये ती असायची, माझ्या मुलाला तो शब्दही माहीत नाही.

मेच्या सुट्टीत बायको आली. येताना संत्रा बर्फीचे चार डबे आणि आमासाठी नागपुरी सुती साडी. तिसऱ्या दिवशी तिला माझ्या गुरूला भेटायचं होतं. शाळेला तिथे अजून सुट्टी लागायची होती. वाटेवर ओळख झाली, बायकोने कौतुकाने पाठीवरून हात फिरवला, आणि मग सवयीने विचारलं की गणितात आता काय चाललंय आणि परिमेय संख्या झाल्या का. मुलीने अदबीने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्याने शाळेत जायला लागली.

24 जूनला नागपूरला परतलो. स्टेशनच्या बाहेर पडलो आणि दमट हवेचा ओला पंचा तोंडावर बसला. पाऊस एकदा पडून गेला होता, म्हणजे ऊनही होतं आणि वाफही. रविवारी अंबाझरीला गेलो तर ग्रुप माझी वाटच पाहत होता. पहाडावरून आलेला माणूस आता वारा होऊन सुटणार अशी सगळ्यांची खात्री. ग्रुपमधले सगळ्यांत मोठे भाऊ, रेल्वेतून निवृत्त, 63 वर्षांचे, त्यांनी तर माझं मनगट हातात घेऊन पाहिलं.

"रक्त तं घट्ट झालं असंन ना आता?"

झालं असेलही. उंचीवर काही आठवडे राहिलं की तांबड्या पेशी वाढतात, ते खरंच आहे. पण दहा किलोमीटरला मी माझ्या मार्चमधल्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त घेतली आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत दोनदा चाललो. डोंगराने रक्त दिलं होतं आणि नागपूरने बारा वर्षं शिकवलेला घाम विसरायला लावला होता. उष्णतेची सवयही अंगाला काही आठवड्यांतच सोडून जाते, आणि पुन्हा लागायला दहा-पंधरा दिवस घेते. तोपर्यंत वाढीव तांबड्या पेशीही एकेक करून निरोप घेणार. जमाखर्च शून्य.

"काऊन बे," भाऊ म्हणाले, "पहाडात जाऊन हळू होऊन आला का?"

टपरीवर तर्री-पोहे खाताना मी त्यांना उतार सांगितला. पोरं, पिरूल, थाड, सगळं. कुणाला पटलं नाही. "उताराचं काय शिकायचं, तो तं आपोआप होते." शेवटी पुढच्या रविवारी रामटेकला जायचं ठरलं. गडमंदिराच्या डांबरी रस्त्याने चालत वर, पळत खाली, आठ फेऱ्या. मी सांगितलं की चढाचं टायमिंग कुणी लावू नका, उतरताना फक्त आवाज ऐका. भाऊ म्हणाले, "माकडं असतात तिथं, काय आवाज ऐकतो?"

रामटेकला ढग होते, हवा बरी होती. पहिल्या फेरीत बारा माणसं उतरली तेव्हा तो रस्ता उखळात मुसळं पडल्यासारखा वाजला. मी ओरडत राहिलो, पावलं लहान, गुडघा मोडा. दोघांनी ऐकलं. भाऊंनी तिसऱ्या फेरीला शर्ट काढून कमरेला बांधला आणि हात पसरून असे सुटले की वळणावरच्या प्रसादवाल्याने टोपली मागे घेतली. खाली येऊन घड्याळ दाखवलं. 4:50 चा पेस. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते पंचविशीतलं हसू मी ओळखलं. म्हटलं, भाऊ, आता पुरे. ते म्हणाले, "दमच नाही लागून राहिला!" आणि उरलेल्या पाच फेऱ्या केल्या.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. ग्रुपवर आधीच निरोप येऊन पडले होते. एक जण कमोडवर बसला तो उठता येत नाही म्हणून घरच्यांना हाका मारत होता. दुसऱ्याने विचारलं होतं की हे सगळ्यांचंच आहे की माझंच. तेवढ्यात भाऊंचा फोन आला.

"काय करून ठेवलं बे तू? मी जिना उलटा उतरून राहिलो. सून हसून राहिली."

"तोंड भिंतीकडे ना?"

"हो."

"आणि दोन्ही हात कठड्यावर?"

"हो ना बापा."

"बरोबर उतरताय," मी म्हटलं. "उद्या उतरूच नका."